टायरचे पैसे ‘वाचलेले’ नाहीत

प्रश्न: गाडीच्या चार टायरांसाठी पैसे बाजूला ठेवले होते. पण गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते आणि खाचा अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. टायरवर शेवटी 3216 असा बॅच नंबर आहे. एका टायरच्या बाजूला बारीक भेगा आहेत, तिथे न वापरलेली स्टेपनी लावेन. मग वाचलेले पैसे ओळखीच्या एजंटच्या विमा-अधिक-गुंतवणूक योजनेत टाकू की मुदत ठेवीत? तीन वर्षांत दुप्पट होतील असं तो म्हणतो. सुट्टीत आम्ही पाच जण गाडीने लांब जाणार आहोत, त्याआधी ठरवायचंय.

उत्तर: कुठेच टाकू नका. टायर घ्या, आणि निघायच्या आधी घ्या.

3216 हा बॅच नंबर नाही. टायरच्या बाजूवर जो डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. तुमचे टायर 2016 च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. नऊ वर्षं उलटून गेली! अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. काही टायर कंपन्या जरा सैल आहेत: पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की कसाही दिसो, काढून टाका.

खाचा शिल्लक आहेत, मान्य. पण खाचांच्या किमान खोलीची 1.6 मिलिमीटरची मर्यादा झीज मोजते, वय नाही. ऊन, उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर कडक होत जातं. टायर फिरत राहिला की रबरातली संरक्षक द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ते नीट होत नाही. म्हणजे ‘गाडी कमी चालते’ हा तुमचा मुद्दा इथे तुमच्याच विरुद्ध जातो. आतल्या पोलादी पट्ट्यांवरची रबराची पकड सुटायला लागली, तरी बाहेरून पत्ता लागत नाही. त्यात पाच माणसं, सामान, तापलेला रस्ता, तासन्‌तास वेग आणि हवा थोडी कमी, म्हणजे टायर सगळ्यात जास्त तापेल असाच प्रवास तुम्ही आखलाय. एकाला भेगा पडल्या, बाकीचे तीन त्याच वयाचे, आणि तुम्ही बदलणार फक्त तो एक? स्टेपनीचाही कोड बघा. गाडीबरोबर आली असेल तर तीही तितकीच म्हातारी. डिकीत पडून वय थांबत नाही.

आता हिशेब. टायरची रक्कम 100 धरा. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे 26 टक्के. असं वचन देणाऱ्याकडून ते लेखी मागा, विषय तिथेच संपेल. अगदी चांगले 12 टक्के मिळाले, तर टायर वर्षभर लांबवून कमाई 12. तोवर टायर पाच टक्क्यांनी महागले की उरले सात, आणि योजनेचं पहिल्या वर्षाचं शुल्क अजून वजा व्हायचंय. या सातासाठी पाच जणांना त्या टायरांवर बसवणार? टायर फुटल्यावर विमा देईल या भरवशावरही राहू नका. टायरसाठीचं जादा कवच साधारणपणे अपघाती नुकसानीचं असतं, झीज आणि वय त्यातून वगळलेलं.

नवे घेताना कोड स्वतः वाचा. तो कधीकधी आतल्या बाजूला असतो. सवलतीतला दोन वर्षांचा जुना माल म्हणजे सहातली दोन वर्षं कागदावर गेलेली. गोदामात रबर सावकाश म्हातारं होतं हे खरं, पण दहा टक्के सवलतीसाठी एक तृतीयांश आयुष्य देऊ नका.

पुढच्या संचासाठी सहा वर्षं म्हणजे 72 महिने, दरमहा रकमेचा सुमारे दीड टक्का. तो बँकेच्या आवर्ती ठेवीत जाऊ दे.

एजंटला पहिला हप्ता दिलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिला असेल तर पॉलिसी हातात पडल्याची तारीख आजच बघा. बहुतेक पॉलिसी ठरावीक दिवसांत परत करता येतात, आणि ती मुदत एजंट आपणहून सांगत नाही.