मीडिया चार-दोन मालकांच्या हातात जातोय, त्याला सामान्य लोकांनी विरोध करून काही होतं का?

होतं, पण अर्धवट होतं, आणि पाठ सोडली की परत पहिल्यासारखं.

गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जून २००३ मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे फोन, टीव्ही, रेडिओचे नियम बघणारी आपल्या ट्रायसारखी सरकारी संस्था, ३ विरुद्ध २ मतांनी मालकीचे नियम सैल केले. एका कंपनीची टीव्ही स्टेशनं देशातल्या ३५ टक्के घरांपर्यंतच पोचू शकत होती ते ४५ केलं. लोकांनी लाखोंनी पत्रं, इमेल पाठवले, त्यात बंदूकवाल्यांची एनआरए पण आणि युद्धाला विरोध करणाऱ्या बायकांची संघटना पण, म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. सिनेटने ५५-४० ने निर्णयाच्या विरोधात मत दिलं, कोर्टाने नियम अडवले आणि शेवटी ४५ चे ३९ झाले. पण २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने एफसीसीने नंतर दिलेली ढील मान्य केली, म्हणून अर्धवट म्हटलं.

लोक एवढे का चिडले ते मायनॉटवरून कळतं. जानेवारी २००२, नॉर्थ डकोटातलं हे शहर, रात्री अमोनियाची मालगाडी घसरली, लोकांना सावध करायला पोलीस तिथल्या रेडिओ स्टेशनला फोन लावतायत आणि कोणी उचलत नाही, सहा कमर्शियल स्टेशनं एकाच कंपनीची आणि कार्यक्रम बाहेरून चालू. कंपनीचं म्हणणं, पोलिसांनाच अलर्टची यंत्रणा वापरता आली नाही. असेलही, पण फोन कोणी उचलला नाही ना.

मी दापोली साईडला केबल चालवायचो. कंट्रोल रूममध्ये डीव्हीडी प्लेअर मॉड्युलेटरला, म्हणजे चित्र केबलमध्ये सोडणाऱ्या डब्याला, जोडला की झालं लोकल चॅनेल, शिमग्याच्या पालख्या, नमन, ग्रामसभेतली भांडणं, पाणी कधी येणार ते, सगळं त्यावर. मग डिजिटायझेशन आलं, ग्रामीण भागात शेवटची मुदत मार्च २०१७, सिग्नल लॉक होऊन थेट एमएसओच्या, म्हणजे वरच्या मोठ्या केबल कंपनीच्या, हेडएंडवरनं (चॅनेल सोडतात ते केंद्र) यायला लागला आणि आम्ही फक्त वायर ओढणारे आणि पैसे गोळा करणारे उरलो. आमचं चॅनेल घ्या म्हटलं तर वरच्यांनी जो आकडा सांगितला तो आमच्या वर्षाच्या कमाईएवढा. कोणी बंदी घातली नाही हो, जागाच उरली नाही. (निसर्ग वादळात ते चॅनेल असतं तरी काय उपयोग, लाईटच नव्हती कित्येक दिवस, तेव्हा सेलवरचा रेडिओच खरा.)

आता सरकारने कायदा करावा म्हणाल तर तेही सरळ नाही. १९५६ ला छोट्या पेपरांना वाचवायला किमतीप्रमाणे पानं ठरवणारा कायदा आला होता, त्याविरुद्ध आपला पुण्याचा सकाळच सुप्रीम कोर्टात गेला आणि जिंकला. मला तो निकाल पटतो, कुणी किती पानं छापायची ते सरकारने का ठरवावं? पण कोणाकडे किती चॅनेल आणि पेपर असावेत ही वेगळी गोष्ट. ट्रायने ऑगस्ट २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घालायची शिफारस केली, राजकीय पक्षांना टीव्हीत येऊ देऊ नका असंही म्हटलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये याच विषयावर परत कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मतं मागवणारा कागद, काढला.

अशा कन्सल्टेशन पेपरवर मुदतीत कोणीही मत पाठवू शकतो. चॅनेलवाले पानंच्या पानं लिहितात, दापोली-गुहागरातनं कोण लिहितं? तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर ट्रायची साईट अधूनमधून बघत जा, मुदत साधारण चार आठवड्यांची असते, आणि भाषण न देता आपल्या गावात काय बंद झालं तेवढंच लिहा.