वाचकांचे प्रश्न : आत्याची वंशावळ

प्रश्न : माझ्या आत्याचे गेल्या माघात निधन झाले. घराण्याच्या इतिहासाची ओढ आमच्या घरात तिला आणि मला, अशी दोघांनाच होती. वंशावळीच्या वह्या आणि मोडी कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) ती माझ्याकडे सोपवून गेली. एका कागदावरील ‘समान सबैन मया व अलफ’ या शब्दांखाली तिने रेघ ओढली आहे आणि वंशावळीत एका पूर्वजाच्या नावापुढे लाल पेन्सिलीने ‘दत्तक?’ असे लिहिले आहे. वर्षश्राद्धाला ही वंशावळ तिच्या स्मरणार्थ छापून वाटावी, असे मनात आहे. मात्र प्रश्नचिन्ह काढून टाकावे आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव वंशावळीत घालू नये, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : प्रश्नचिन्ह मुळीच काढू नये. ज्याअर्थी आपल्या आत्याबाईंनी ते घातले, त्याअर्थी त्यांना एकाच माणसाच्या वडिलांची दोन नावे कुठेतरी आढळली असावीत, आणि दत्तकविधान झाले असेल तर ती दोन्ही नावे खरी असू शकतात. वडोदेकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक आले आणि सयाजीराव महाराज झाले. दत्तकाने नाव, गोत्र आणि वारसा बदलतो, त्यामुळे जनक घराणे आणि दत्तक घराणे अशा दोन्ही नोंदी ठेवून शंका शंका म्हणूनच छापावी.

रेघ ओढलेले शब्द हे शुहूर सनाचे, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिल्या जाणाऱ्या कालगणनेचे वर्ष आहे. त्यात एकक आधी येतो : समान म्हणजे आठ, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, एकूण ११७८. हे वर्ष मृगात सुरू होत असल्याने इसवी सन काढण्यासाठी त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे लागतात, म्हणजे तो कागद १७७७-७८ चा ठरतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रिवाजामुळे एकाआड एक पिढीत तीच नावे येतात आणि तेव्हा कोणता माणूस कोणता, हे अशा वर्षावरूनच उलगडते. आत्याबाईंनी नेमकी तिथे रेघ ओढली, यावरून त्यांची जाण दिसते.

मुलींच्या नावांबाबत वडीलधाऱ्यांचा मान राखूनही मला असहमती नोंदवावीशी वाटते. श्राद्धात आई, आजी आणि पणजी यांची नावे उच्चारली जातात, आईच्या माहेरचे पितरही स्मरले जातात. मग कागदावरच त्यांना जागा का नसावी? वंशावळीतून गळालेली अशी नावे घरच्या उपाध्यायांच्या टिपणांत पुष्कळदा सापडतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीही पाहावी. तिथल्या नोंदी मूळ गावावरून लावलेल्या असल्याने चौकशी करताना वडोदरा न सांगता आडनाव आणि मूळ गाव सांगावे. आत्याबाईंचे नाव भावंडांच्या ओळीत माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नावांनी यावे, आणि संकलक म्हणून पहिल्या पानावरही यावे.

या सगळ्याआधी एक काम मात्र तातडीने करावे. आत्याबाईंनी तोंडी सांगितलेल्या हकिगती, त्या त्यांनी कोणाकडून ऐकल्या होत्या यासह, आठवतील तशा लिहून काढाव्यात. वह्या टिकतील, पण त्या वाचताना आत्याबाई जे बोलत असत ते आता केवळ आपल्यापाशी उरले आहे. मूळ कागदांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशनही करू नये; छायाचित्रे काढून ते धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात बांधावेत.

वर्षश्राद्धासाठी छपाईची घाई नको. त्या दिवशी नातलग जमतील तेव्हा हाताने लिहिलेली प्रत त्यांच्यापुढे ठेवून लेकीसुनांची नावे, मूळ गावे आणि दुरुस्त्या त्यांच्याकडून भरून घ्याव्यात आणि छपाई त्यानंतर करावी.