आईस हॉकीत डिफेन्समनला एवढा मान का?

तुमचा प्रश्न असा, की गोल तर फॉरवर्ड मारतात, मग डेट्रॉइटच्या निक्लास लिडस्ट्रोमसारख्या डिफेन्समनला, म्हणजे बचावपटूला, लोक एवढं डोक्यावर का घेतात? मी साताऱ्यात पोरांना कबड्डी शिकवतो. बर्फावर कधी उतरलेलो नाही, पण बचाव म्हटलं की माझा जीव अडकतो आणि लिडस्ट्रोमचे सामने मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघतो, म्हणून लिहितोय.

1997 ची स्टॅन्ली कप फायनल घ्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगच्या विजेतेपदाची सामन्यांची मालिका. डेट्रॉइटसमोर फिलाडेल्फिया. त्यांचा एरिक लिंड्रोस सहा फूट चार इंच उंच, जोडीचे दोघेही तसेच आडदांड. डेट्रॉइटचे कोच स्कॉटी बोमन त्यांच्यावर धडक देणारा व्लादिमिर कॉन्स्टॅन्टिनोव्ह सोडणार, असंच सगळे धरून चालले होते. बोमननी उतरवली लिडस्ट्रोम आणि लॅरी मर्फीची जोडी, दोघेही डोक्याने खेळणारे. डेट्रॉइटनं सलग चार सामने मारले. लिंड्रोसला अख्ख्या फायनलमध्ये एकच गोल करता आला, तोही चौथ्या सामन्याचे शेवटचे काही सेकंद उरलेले असताना. 1955 नंतर कप डेट्रॉइटला आला तो असा.

लिडस्ट्रोम काय करायचा ते बारकाईनं बघा. अंगावर येणाऱ्याकडे तोंड करून तो उलटा स्केटिंग करत मागं सरकतो. काठी एका हातात, पुढं लांबवलेली, पातं बर्फावर टेकलेलं. मधली वाट बंद. समोरच्याला कडेच्या फळीकडं वळण्यावाचून गत्यंतर नाही आणि तिथं जागा संपली की काठीच्या टोकानं पक (खेळातली रबरी चकती) अलगद काढून घ्यायचा. आमच्या कबड्डीत कोपऱ्याचा गडी हेच करतो. चढाईपटूनं हूल दिली की जो झेप घेतो तो बाद होतो. जो थांबून त्याला कोंडत नेतो, त्याच्या हाताला घोटा लागतो.

म्हणून मला त्याच्या कपांपेक्षा दुसरा आकडा मोठा वाटतो: 1564 सामन्यांत पेनल्टीची, म्हणजे नियम मोडल्याबद्दल बाहेर बसण्याची, फक्त 514 मिनिटं. साधी पेनल्टी दोन मिनिटांची असते, म्हणजे साधारण सहा सामन्यांत एकदा. त्याच संघात खेळलेला ख्रिस चेलिओसही थोर बचावपटू, पण त्याची 2891 मिनिटं झाली.

बाकी कारकीर्द थोडक्यात: 1989 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) तिसऱ्या फेरीत, 53 वा निवडला गेला. 1991 ते 2012 एकाच संघात, चार स्टॅन्ली कप, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सात वेळा. आणि गोल मारत नव्हता असंही नाही बरं का! 264 आहेत. 2006 च्या ट्यूरिन ऑलिम्पिक फायनलमध्ये फिनलंडविरुद्ध तिसरा पिरियड सुरू होऊन दहा सेकंद झाली होती, तेव्हा स्वीडनचा विजयी गोल त्यानंच मारला.

पुढचा सामना बघाल तेव्हा पाचेक मिनिटं पक सोडून द्या आणि एकाच डिफेन्समनवर नजर ठेवा. तुमचं उत्तर तिथं मिळेल.