वाचकांचे प्रश्न : घरच्या व्हिडिओंवर जाहिरातीचे पैसे

यूट्यूबवरच्या कमाईबद्दल सोलापुरातून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आम्ही सासू-सुना मिळून शेंगदाणा चटणी, कडक भाकरी, हुग्गी अशा पदार्थांचे व्हिडिओ टाकतो. बरेचसे शॉर्ट्स (यूट्यूबचे छोटे, उभे व्हिडिओ) आहेत. १,४०० सबस्क्रायबर झाले, तरी जाहिराती सुरू होत नाहीत. कुठे अडलं असेल? (जुळे सोलापूर)

उत्तर : हजार सबस्क्रायबरची अट तुम्ही पार केलीत. अडलंय ते तासांवर. गेल्या १२ महिन्यांत तुमचे सार्वजनिक व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिले गेले पाहिजेत, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्यात धरत नाहीत. नुसत्या शॉर्ट्सच्या जोरावर जायचं तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांवर एक आधीचा टप्पा मिळतो, पण तो चॅनलचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व, सुपर थँक्स (प्रेक्षकाने व्हिडिओखाली खुशीने दिलेले पैसे) यांच्यापुरता. जाहिरातीतला वाटा त्यात नाही.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक प्रेक्षक सरासरी ४ मिनिटं थांबला, तर ६०,००० व्ह्यूज हवेत. घरच्या चॅनलला हे जमण्यासारखं आहे, मात्र लांब व्हिडिओ नेमाने टाकावे लागतील, कारण वर्षापूर्वीचे तास रोज मागून गळत असतात. जुने व्हिडिओ आता साधे वाटतात म्हणून काढून टाकू नका. काढलेल्या किंवा खासगी केलेल्या व्हिडिओचे तासही वजा होतात.

८ मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओच्या मध्ये जाहिरात बसवता येते. उगाच बोलून वेळ वाढवला की प्रेक्षक उठून जातो, पण उखळातल्या चटणीला ८ मिनिटं सहज लागतात. मंद आचेवर दाणे भाजणं, सालं काढणं, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून कुटणं. दाण्याला तेल सुटून चटणी गोळा व्हायला लागते ती जागा कापू नका. लोक त्यासाठीच थांबतात. फोनचा स्टँड उखळाजवळ फरशीवर ठेवला तर प्रत्येक घावाला चित्र हलतं आणि माइकमध्ये धपधप घुमते. स्टँडखाली सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घाला, पंखा बंद ठेवा. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर बोलणं नंतर शांत खोलीत रेकॉर्ड करून जोडा.

प्रश्न : गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेचा व्हिडिओ टाकला. मागे स्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत होतं, त्यावर क्लेम (गाण्याच्या मालकाचा हक्काचा दावा) आला. चॅनल बंद होईल का? (बाळीवेस)

उत्तर : क्लेमने चॅनल बंद होत नाही. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, त्यावरचे पैसे मात्र गाण्याच्या मालकाकडे जातात. स्ट्राइक, म्हणजे हक्क मोडल्याच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून दिलेली ताकीद, ही वेगळी गोष्ट. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल जाऊ शकतं. यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या पानावर) त्या क्लेमवर जाऊन तेवढा तुकडा कापता येतो, गाणं बदलता येतं किंवा त्या भागातलं गाणं बंद करता येतं. गाणं बंद करताना कधी कधी माणसांचं बोलणंही खराब होतं, म्हणून काही सेकंदांचाच भाग असेल तर सरळ कापलेला बरा. वर्णनात गायकाचं नाव लिहिल्याने हक्क मिळत नाही. तुमच्याकडे खरोखर परवानगी असेल, तर ५ दिवसांच्या आत हरकत घ्या. म्हणजे निकाल लागेपर्यंत क्लेमच्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात. पुढच्या वर्षी नंदीध्वजांची मिरवणूक टिपताना स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभे राहा. पार्श्वसंगीत हवंच असेल तर स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीत मोफत मिळतं.

प्रश्न : घरातल्या सगळ्यांनी आमच्या व्हिडिओवरच्या जाहिरातींवर क्लिक केलं तर चालेल का? (विडी घरकुल)

उत्तर : नाही. असे क्लिक अवैध ठरतात, ते पैसे परत वजा होतात आणि खातंही बंद होऊ शकतं. घरच्यांना व्हिडिओ पाहायला सांगा, जाहिरातीला हात लावायला नको.

प्रश्न : अ‍ॅडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे जमा होतात ते गूगलचं खातं) १० डॉलर झाले, पण पत्ता पडताळायच्या पिनचं पत्र आलेलं नाही. बँकेचं काय करायचं? (साखर पेठ)

उत्तर : पत्र साध्या टपालाने येतं आणि २ ते ४ आठवडे लागतात. तोवर अ‍ॅडसेन्समधला पत्ता तपासा. नुसतं 'साखर पेठ, सोलापूर' पुरत नाही. घर क्रमांक, जवळची खूण आणि सहा आकडी पिनकोड हवा. पोस्टमनलाही सांगून ठेवा, कारण साधं पाकीट जिन्यात पडून हरवतं. तरी आलं नाही तर पुन्हा मागवा. मात्र पहिला पिन निघाल्यापासून ४ महिन्यांत तो भरला नाही, तर जाहिराती थांबतात.

अ‍ॅडसेन्सवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच ठेवा. सुनेचं माहेरचं नाव एका ठिकाणी आणि सासरचं दुसऱ्या ठिकाणी असेल, तर आत्ताच सरळ करून घ्या. पैसे आल्यावर ते निस्तरणं फार जड जातं.

पैसे बाहेरून येतात, म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. तो प्रत्येक शाखेला नसतो, अनेक सहकारी बँकांना तर स्वतःचा नसतोच. परदेशातून रक्कम कोणत्या कोडवर मागवायची आणि त्यावर शुल्क किती, हे शाखेत विचारून लिहून घ्या. १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम निघत नाही. निघते ती पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान.

अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म (अमेरिकेबाहेरच्या व्यक्तींसाठीचा) पॅन घालून भरा आणि भारत-अमेरिका कर करार निवडा. मग फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर १५ टक्के कर कापला जातो. फॉर्म रिकामा राहिला तर जगभरच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.