इलेक्ट्रिकलवाल्यांनी डिझाईन फर्ममध्ये समर इंटर्नशिप करावी का, की नुसतं ड्रॉइंगच काढत बसावं लागतं?

करा, नक्की करा. सुरुवातीला ऑटोकॅडवर लाईट आणि सॉकेटचे लेआउट, सिनियरने लाल पेनाने मारलेले करेक्शन्स, हेच येणार हातात, पण ते कंटाळवाणं म्हणून उरकू नका कारण त्यातूनच कळतं की बिल्डिंगमध्ये कुठला लोड कुठल्या डीबीवरून (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे जिथून वीज वेगवेगळ्या सर्किट्सना वाटली जाते ती पेटी) जातो आणि का.

खरी मजा लोड शेड्यूल (कुठे किती लोड आहे याचा तक्ता) आणि केबल सायझिंगमध्ये (केबल किती जाड हवी ते ठरवणं) आहे. कॉलेजात फॉर्म्युल्यात आकडे टाकले की संपलं, इथे १०० किलोवॉट, ४०० व्होल्ट थ्री फेज, ०.९ पॉवर फॅक्टर धरला की करंट साधारण १६० अँपिअर येतो आणि काम तिथून सुरू होतं, म्हणजे सगळा लोड एकाच वेळी चालणार आहे का, केबल किती गरम जागेतून जातेय, शेजारी अजून किती केबल्स आहेत, लांबीमुळे व्होल्टेज ड्रॉप किती, शॉर्ट सर्किटला टिकेल का, ब्रेकरशी जुळतेय का. कितीदा तर करंटला पुरणारी केबल व्होल्टेज ड्रॉपमुळे एक साईज वर न्यावी लागते! हे एकदा एक्सेलमध्ये स्वतः करून बघा, फर्मचं तयार शीट वापरण्याआधी.

जायच्या आधी सिंगल लाईन डायग्राम (अख्खी वीजव्यवस्था एकेरी रेषांनी दाखवणारं ड्रॉइंग) वाचायला शिका, बाकी सॉफ्टवेअर तिथे जमतं. आणि साईट व्हिजिटला कोणी निघालं की मलाही न्या म्हणून मागे लागा, कागदावरची केबल ट्रे आणि एसीचा डक्ट एकाच जागी आलेले तिथेच दिसतात.