वाचकांचे प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंगच्या वाटेवर

बारावीचे निकाल लागले की परिचर्या शिक्षणाविषयी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे मोठ्या संख्येने येतात. त्यांतील पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. मी अनेक वर्षे हा विषय शिकवीत आले आहे, त्यामुळे काही ठिकाणी माझी मते ठाम आहेत आणि ती तशीच मांडली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला बारावी विज्ञान शाखेत चांगले गुण आहेत, परंतु 'नीट'मध्ये एमबीबीएसपुरते गुण मिळाले नाहीत. ती बी.एस्सी. नर्सिंगचा विचार करते आहे. नातेवाईक म्हणतात की जीएनएम करूनही वॉर्डात तेच काम करायचे, मग चौथे वर्ष कशासाठी? शिवाय एक एजंट परराज्यातील महाविद्यालयात प्रवेश परीक्षेविना जागा मिळवून देतो आणि 'हजेरीचे आम्ही बघून घेऊ' असेही सांगतो. आम्ही काय करावे?
— एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : एजंटाला आजच नकार कळवावा. परिचर्या हा घरी बसून पुस्तके वाचून पूर्ण करण्याचा अभ्यासक्रम नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयाच्या तासांना आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हाती पडण्यापूर्वी रुग्णसेवेच्या प्रत्येक विभागातील हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. ज्या महाविद्यालयात ही हजेरी कागदावरच लागते, तिथून बाहेर पडलेल्या मुलीला पहिल्या नोकरीच्या पहिल्या रात्रपाळीत वीस-पंचवीस रुग्णांसमोर एकटीने उभे राहावे लागते. त्या रात्री तिच्या हातून काय होऊ शकते याचा विचार पैसे मोजण्याआधी करावा. अशा ठिकाणी फसवणूक विद्यार्थिनीची होते आणि रुग्णाचीही होते, हे मी अतिशय गांभीर्याने सांगते आहे.

आता जीएनएम की बी.एस्सी. याविषयी. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका असून तिला बारावीच्या कोणत्याही शाखेतून जाता येते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी आहे. तिच्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण असावे लागते, खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण लागतात आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. वॉर्डातील काम बऱ्याच अंशी सारखे असते हे आपल्या नातेवाइकांचे म्हणणे खरे आहे. फरक पुढच्या वाटांमध्ये पडतो. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांमधील नर्सिंग ऑफिसरच्या सामाईक परीक्षेला बी.एस्सी. झालेली उमेदवार अनुभवाविना बसू शकते, तर जीएनएम झालेल्या उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पदव्युत्तर शिक्षण आणि अध्यापन या दोन्हींचा दरवाजाही पदवीनेच उघडतो. आपल्या मुलीचे बारावीचे विषय जुळत असतील आणि घरची परिस्थिती चार वर्षे धीर धरू देणारी असेल, तर पदवीच घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र लवकर कमावणे ही घराची गरज असेल, तर जीएनएम हा कमी प्रतीचा पर्याय आहे असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रातल्या असंख्य वॉर्डांचा भार जीएनएम झालेल्या सिस्टरच वाहत आल्या आहेत.

महाराष्ट्रात या पदवीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या स्वतंत्र सीईटीतून होतात. तीत बारावीच्या विज्ञान विषयांबरोबर इंग्रजी आणि परिचर्येचा कल यांवरही प्रश्न असतात. राज्यातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. पर्याय भरताना इमारत, वसतिगृह आणि माहितीपुस्तिकेतील छायाचित्रे पाहण्याआधी रुग्णालय पाहावे. महाविद्यालयाचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असणे अपेक्षित असते. परंतु खाटा असणे आणि त्या खाटांवर रुग्ण असणे यांत फार अंतर असू शकते. सकाळी दहाच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात जाऊन अर्धा तास बसावे. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का, प्रसूतिकक्ष खरोखर चालू आहे का, बालरुग्ण विभागात मुले दाखल आहेत का, हे डोळ्यांनी दिसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुली भेटल्या तर त्यांना एवढेच विचारावे की मानसिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी तुम्हाला कुठे नेतात आणि किती आठवडे ठेवतात. त्या उत्तरातून महाविद्यालयाची बरीच पारख होते. शासकीय महाविद्यालयात जागा मिळण्याची शक्यता असेल तर ती पहिल्या पसंतीला ठेवावी, कारण तिथे रुग्णांची वानवा नसते.

शुल्काबाबत एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थिनींसाठी आहे, संस्थात्मक कोट्यासाठी नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रे आतापासूनच तयार ठेवावीत.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून शिकले आणि आता बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात आहे. शरीररचनाशास्त्राची इंग्रजी नावे पाठ होत नाहीत, वर्गात उत्तर येत असूनही बोलता येत नाही. गेल्या आठवड्यात वॉर्डात जखमेची ड्रेसिंग पाहताना मला भोवळ आली आणि सगळ्यांसमोर बाहेर न्यावे लागले. मी चुकीच्या ठिकाणी आले का?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : नाही. पहिल्या वर्षी ड्रेसिंग पाहताना भोवळ येणाऱ्या मुली जवळपास प्रत्येक तुकडीत असतात आणि त्यांतल्या काही पुढे शस्त्रक्रियागृहात उत्तम काम करतात. सकाळी उपाशीपोटी ड्युटीवर जाऊ नका, गुडघे ताठ करून एका जागी उभ्या राहू नका आणि अंगाला घाम सुटल्यासारखे वाटताच बाईंना सांगून खाली बसा. पुढच्या खेपेला दुरून पाहण्याऐवजी ट्रे हातात धरण्याचे काम मागून घ्या. हाताला काम असले की नजर जखमेवरून कामाकडे वळते.

शरीररचना पाठ होत नाही, कारण ती रुग्णापासून तोडून वाचली जाते. एक उदाहरण घ्या. कमरेला इंजेक्शन देताना नितंबाचे मनात चार भाग करायचे आणि सुई वरच्या, बाहेरच्या भागातच टोचायची, असे तुम्हाला प्रयोगशाळेत शिकवले जाते. का, तर आतल्या आणि खालच्या भागातून सायॅटिक नर्व्ह हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू पायाकडे उतरतो आणि त्याला सुई लागली तर रुग्णाचा पाय लुळा पडू शकतो. हे एकदा पुतळ्यावर बोट ठेवून समजून घेतले की ग्लुटियस मॅक्सिमस व ग्लुटियस मिडियस हे नितंबाचे स्नायू आणि सायॅटिक नर्व्ह ही तीन नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. प्रात्यक्षिकात केलेल्या प्रत्येक कृतीखाली वहीत 'का?' असे लिहा आणि त्याच संध्याकाळी त्याचे उत्तर पुस्तकात शोधा. पुढे औषधशास्त्रातही हीच सवय उपयोगी पडेल. ५०० मिलिलिटर सलाईन सहा तासांत द्यायचे असेल आणि सलाईनच्या नळीचा सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा असेल, तर एकूण १०,००० थेंब ३६० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब पडले पाहिजेत; हे गणित कागदावर जमले की घड्याळ हातात धरून सलाईनच्या चेंबरपाशी थेंब मोजून पाहावे. वृद्ध किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला हेच सलाईन दोन तासांत गेले तर त्याला धाप लागू शकते, हे एकदा उमगले की ते गणित विसरत नाही.

इंग्रजीची भीती मी कमी लेखत नाही. पाठ्यपुस्तके, रुग्णाच्या नोंदी आणि विद्यापीठाचे पेपर इंग्रजीत असल्याने ती भाषा यावीच लागते. तथापि पहिल्या सत्रातील इंग्रजी विषयाला ४० टक्के गुणांवर उत्तीर्ण होता येते, इतर विषयांना ५० टक्के लागतात. त्यामुळे इंग्रजीच्या धास्तीने शरीरक्रियाशास्त्राकडे दुर्लक्ष करू नका. रोज एका रुग्णाविषयी पाच वाक्ये इंग्रजीत लिहा: नाव टाळून वय, तक्रार, नाडी, तापमान, आज काय दिले. वर्षअखेरीस नोंद लिहिण्याची भाषा हाताखाली येते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर तुमच्याकडे असे काही आहे जे शहरातल्या मुलींना सहज मिळत नाही. अहिराणी किंवा पावरी बोलणारी आजी डॉक्टरांच्या फेरीत गप्प राहते आणि फेरी पुढे सरकली की तिच्या भाषेत बोलणाऱ्या मुलीला सांगते की दोन दिवस औषधच घेतलेले नाही. ती माहिती वेळेवर सिस्टरांच्या कानावर घालणे ही परिचर्याच आहे. समाज आरोग्याच्या प्रात्यक्षिकाला घरोघरी जाल, वर्तमानपत्र पसरून त्यावर बॅग ठेवाल, आधी साबण व टॉवेल काढून हात धुवाल आणि मगच बाळंतिणीला हात लावाल, तेव्हा घरातली माणसे तुमचे ऐकतील ते तुमच्या बोलण्यामुळे.

प्रश्न : मुलाने नर्सिंग घेतले म्हणून गावात हसतात. पुरुषांना या क्षेत्रात खरेच संधी आहे का?
— एक विद्यार्थी, बीड जिल्हा

उत्तर : आहे. केवळ महिलांसाठी असलेल्या संस्था सोडल्या तर प्रवेश मुलांनाही मिळतो, आणि अतिदक्षता विभाग, अपघात विभाग, अस्थिरोग व मानसोपचार या ठिकाणी ब्रदरची गरज नेहमी भासते. मात्र एम्सच्या सामाईक परीक्षेत ८० टक्के पदे महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असल्यामुळे मुलांची स्पर्धा कठीण असते. तिथे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, त्यामुळे उमेदवारही पुष्कळ असतात. प्रसूतिविषयक प्रशिक्षण मुलांनाही पूर्ण करावे लागते. ते टाळण्याच्या युक्त्या शोधू नका. रुग्ण स्त्रीची संमती घेऊन, महिला कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत आणि पडद्याची काळजी घेऊन ते शिकता येते.

प्रश्न : मी जीएनएम असून खासगी रुग्णालयात नोकरी करते. वय ३४, घरी दोन मुले. आता पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे का?
— एक परिचारिका, सांगली

उत्तर : जीएनएम झालेल्यांना पदवी देणारा हा दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम आहे, नोकरी सांभाळून फावल्या वेळात तो होत नाही. आपल्याला अध्यापनात जायचे असेल किंवा पुढे एम.एस्सी. करायचे असेल तर अवश्य करावा, वय आड येत नाही. खाटेजवळचेच काम आवडत असेल तर दोन वर्षांचा पगार सोडण्याआधी आपल्या रुग्णालयात पदवीमुळे पद किंवा वेतन बदलते का, हे लेखी विचारून घ्यावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील आपल्या नोंदणीचे नूतनीकरण झालेले नसेल तर ते मात्र लगेच करावे, कारण प्रवेशाच्या वेळी सर्वांत आधी तेच पाहिले जाते.

प्रश्न : तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीला जायचे आहे, आतापासून काय करू?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून ही विचारणा वाढली आहे. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-२ पातळीची, म्हणजे कामकाजात मोकळेपणाने बोलता येईल इतकी, जर्मन भाषा यावी लागते, आणि ती काही महिन्यांच्या घाईत येत नाही. तिसऱ्या वर्षापासून आठवड्यातून तीन-चार दिवस भाषेला द्यावेत. परंतु आठव्या सत्रातील २२ आठवड्यांच्या आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये) आठवड्याला ४८ तास ड्युटी असते, तेव्हा भाषेची मोठी परीक्षा ठेवू नये. परदेशातील मान्यता देणाऱ्या यंत्रणा प्रत्येक विषयाचे अध्यापनाचे आणि प्रात्यक्षिकाचे तास वेगवेगळे मागतात. त्यामुळे लॉगबुक, प्रसूतिकक्षातील नोंदवही आणि प्रत्येक विभागातील उपस्थितीचे तक्ते त्या त्या महिन्यातच सही-शिक्क्यानिशी पूर्ण करून घ्यावेत आणि त्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.