रोज तासभर चालतो, भात सोडलाय, तरी तीन महिन्यांत ७८ किलोवरून काटा हलत का नाही?

भात सोडायला कुणी सांगितलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज आहे. त्यांच्यासारख्यांशी माझा वाद जुना आहे.

आधी चालणं. ७८ किलोचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरने तासभर चालला की साधारण २७० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ७५-८० नुसतं बसूनही झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई दोनशेच्या आत. मनगटावरचं घड्याळ चारशे दाखवत असेल तर दाखवू दे.

दोनशे कॅलरी म्हणजे पाच चहाचे चमचे तेल. फिरून आल्यावर पोह्यांच्या बशीतच त्यातलं निम्मं वसूल होतं, वरचे दाणे वेगळेच.

तेव्हा भात राहू द्या, तेल मोजा. पाच लिटरचा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार माणसांत तो महिन्याभरात संपत असेल तर माणशी रोज ४२ मिली, म्हणजे ३४० कॅलरी झाल्या. आणि विचारलं तर घरातला प्रत्येक जण सांगेल, 'आमच्याकडे तेल कमीच असतं.' पळीने थेट कढईत ओतलं की हात सैल सुटतोच. त्यापेक्षा काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा आणि चौघांचं दिवसाचं ८० ग्रॅम तेल सकाळीच काढून ठेवा. चपातीला लावायचं तेलही त्यातलंच. दुपारीच वाटी रिकामी झाली तर रात्री फोडणीशिवायचं वरण. भाजी तेल सुटेपर्यंत परतू नका, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. एवढ्यानेच माणशी १६० वाचतात.

आता भात. ५० ग्रॅम तांदळाच्या १७५ कॅलरी, ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्याही जवळपास तेवढ्याच. भात सोडून एक भाकरी जास्त घेतली की हिशेब जिथल्या तिथे. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे मान्य. पण भातावरचं तूप सोडून बिचाऱ्या भातावर खापर कशाला?

उपवासाचंही तेच. ७५ ग्रॅम साबुदाणा २६५, ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०, मोठा चमचा तूप १२०, थोडा बटाटा. बशीभर खिचडी सहाशेला टेकते, म्हणजे तुमचं तीन दिवसांचं चालणं.

रोज ४०० ते ५०० ची तूट ठेवा. किलोभर चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे एक किलो उतरायला पंधरा ते एकोणीस दिवस लागणारच. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर ते बहुतेक पाणी. वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी घ्या आणि सात दिवसांची सरासरी बघा. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं की काटा चढतो, ती चरबी नव्हे. चालणं सुरूच ठेवा, पण आठवड्यातून दोनदा उठाबशा-जोर काढा आणि दोन्ही जेवणांत उसळ, अंडी किंवा दही घ्या. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

आणि हो, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, साखर एकदम खाली जाऊ शकते. थायरॉइड तपासलं नसेल तर तेही त्याच फेरीत उरका.